प्रोबस खैरनार

घरात लग्न निघालं की आधी देव उजळून घ्यायचे असतात. हॉल, केटरर आणि पत्रिका त्यानंतर. जयराम खैरनारांना हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण माहीत असणं वेगळं आणि नांदगावहून झुंबरबाईंचा फोन येणं वेगळं.

"जयराम, देव उजळले का रे?"

"उजळतो ना काकू. लग्नाला अजून दीड महिना आहे."

"लगीन ऱ्हाऊ दे बाजूला. धुळवड बारा दिसांवर आली. वीर काय तसाच काळा नेणार का गंगेवर?"

झुंबरबाई म्हणजे जयरामरावांच्या चुलती. वय ब्याऐंशी, नजर अधू, बाकी सगळं शाबूत. खैरनारांच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, आणि बहुतेक वेळा पहिलाही. वीर म्हणजे काय, हे नाशकात कुणाला सांगावं लागत नाही; बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. घराण्यात कुणी अकाली, हत्याराने गेला असेल तर त्याचा धातूचा टाक देवघरात ठेवतात. धुळवडीला तो लाल फडक्यात, खोबऱ्याच्या वाटीत घेऊन वाजतगाजत, नाचवत गोदावरीवर (नाशिककरांची गंगा तीच) न्यायचा, आंघोळ घालायची आणि घरी आणायचा. खैरनारांचा वीर पिढ्यान् पिढ्या नांदगावी राहत असे आणि दर धुळवडीला एसटीने नाशिकला येऊन आंघोळ करून परत जात असे. त्याचं तिकीट कधी काढल्याचं ऐकिवात नाही. गेल्या दिवाळीत झुंबरबाईंनी "मला आता दिव्याची वात दिसंना" म्हणून तो कायमचा जयरामरावांकडे पाठवला. सोबत निरोप होता : वीर न्हाल्याबिगर घरात हळद दळायची नाही.

हळद दळायची होती योगेशची. योगेश हा जयरामरावांचा एकुलता एक मुलगा, वय तेहतीस. दोन वर्षं त्याचा बायोडाटा सटाण्यापासून संगमनेरपर्यंत फिरला, तेव्हा कुठे सटाण्याच्याच एका मुलीने तो शेवटपर्यंत वाचला. असं लग्न हळदीपायी अडलं असतं, तर जयरामरावांना घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून दुसऱ्याच दिवशी देवघरातले पाच देव स्टीलच्या डब्यात घालून ते सराफ बाजारात गेले.

चंदर सराफाने चार देव रिठ्याच्या पाण्यात टाकले. पाचवा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"काका, हा टाक नाहीये."

"म्हणजे?"

"नाणं आहे हे. आणि आपल्याकडचं नाही."

जयरामराव चौतीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. दुसऱ्याने केलेला माल नापास करणं हा त्यांचा पेशा. आपल्या घरचा माल कुणी नापास केल्याचा त्यांना अनुभव नव्हता.

"चंदरशेठ, तो आमचा वीर आहे. लग्नाला निघाला होता. वाटेत वैऱ्यांनी गाठून मारला. हे बघा, डोक्याला बाशिंग आहे."

"बाशिंग नाही काका, मुकुट आहे. सूर्याच्या किरणांसारखा."

"मागे वरात आहे. घोडे बघा."

"चार घोडे आहेत, आणि ते रथाला जोडलेत. कडेने अक्षरं आहेत, तीही इंग्रजी वळणाची. तुमच्या नांदगावात तेव्हा इंग्रजी होतं का?"

जयरामरावांनी भिंगातून पाहिलं. ज्यांना ते आजवर ओरखडे समजत होते, ती अक्षरं होती. खरं तर वीर घरी आला त्याच आठवड्यात त्यांनी सवयीने त्याला व्हर्नियर लावला होता. उभा व्यास बावीस पूर्णांक चार, आडवा बावीस पूर्णांक नऊ. पूर्वज गोल नव्हता. पण पूर्वजांना टॉलरन्स द्यावा लागतो, म्हणून त्यांनी तेव्हा विषय वाढवला नव्हता.

"मग हा उजळू की नको?" चंदरने विचारलं.

"नको," जयरामराव म्हणाले आणि वीराला रुमालात गुंडाळून वरच्या खिशात, हृदयाच्या बाजूला ठेवून घरी आले.

ही गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली. संध्याताईंनी ती फक्त समोरच्या सविताताईंना सांगितली, तीही "कुणाला बोलू नका हं" असं बजावून. संध्याकाळी साडेसहाला सोसायटीचे सेक्रेटरी धनराजभाऊ दारात उभे होते.

धनराजभाऊ महसूल खात्यातून निवृत्त झाले होते, पण महसूल खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल बोलतानासुद्धा ते 'सदरहू' म्हणत. त्यांनी मोबाइलवर नाण्याचा फोटो काढला, तो कुठेतरी चढवला, पाच मिनिटं अंगठा सरकवला आणि जाहीर केलं, "रोमन आहे. सम्राट आहे कुणीतरी. ब्रॉन्झचं नाणं. सतराशे वर्षांपूर्वीचं."

"सम्राट?" संध्याताई देवघराकडे बघून म्हणाल्या. "अहो, मी ह्यांना रोज वाटीभर तूप-भात दाखवते."

"दाखवा, दाखवा. पण सरकारला कळवलंय का?"

"काय कळवायचं?" जयरामरावांनी विचारलं.

"जयरामराव, जुनी वस्तू घरात आढळली आणि सरकारला कळवली नाही, तर ती लपवली असा अर्थ होतो. पोराचं लग्न तोंडावर आहे. मांडवात पंचनामा झालेला चालेल का तुम्हाला?"

खरं तर असा पंचनामा धनराजभाऊंनी उभ्या नोकरीत एकदाही पाहिला नव्हता. पण त्यांचा आवाज असा होता, की पंचनामा खाली पार्किंगमध्ये येऊन थांबलाय असं वाटावं. जाताना त्यांनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर काही लिहायचं राहून गेलं. नुसता दाढीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो पाहून अकरा जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. तळमजल्यावरच्या जोशीकाकांनी खासगीत विचारलं, 'कधी गेले?' जयरामरावांनी सरळ स्वभावाने उत्तर दिलं, 'बराच काळ झाला.'

दुसऱ्या दिवशी ते सरकारी कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण ते या गोष्टीपुरतंच उघडलेलं आहे. तिसरा मजला, लिफ्ट बंद, जिन्यात एक मांजर आणि दारावर पाटी : जुन्या वस्तूंची नोंदणी. आत चिमाजी भाऊसाहेब नावाचे कारकून बसले होते. चेहरा शांत. जगातली प्रत्येक गोष्ट आज ना उद्या आपल्या टेबलावर येणारच, अशी खात्री असलेल्या माणसाची ती शांतता होती.

"वस्तू कुठे सापडली?" त्यांनी फॉर्म पुढे ओढून विचारलं.

"सापडली नाही. घरात होतीच."

"होतीच असा पर्याय नाही. शेत, विहीर, घराचा पाया, नदीपात्र, इतर."

"मग इतर."

"इतर म्हणजे कुठे, ते लिहावं लागतं."

"देवघर."

"देवघर खणताना?"

"खणलं नाही हो. देवघरात पूजेला आहे. आमचा पूर्वज आहे तो."

चिमाजी भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "बघा, पूर्वज म्हणालात की नातं आलं. नातं आलं की वंशावळ आली. शंभराच्या स्टँपवर, दोन साक्षीदार."

"आणि पूर्वज नसेल तर?"

"तर परका माणूस तुमच्या घरात कसा आला, ते आलं."

जयरामरावांनी थोडा वेळ विचार केला. घराण्याची अब्रू एका बाजूला होती, स्टँपपेपर दुसऱ्या बाजूला. "तुम्ही फक्त तपासून सांगा ना," ते म्हणाले. "म्हणजे मी मोकळा."

इथे त्यांचा पेशा नडला. दुसरा कुणी असता तर वीर खिशात टाकून जिना उतरला असता. पण तपासणीचा दाखला असल्याशिवाय कुठलाही नग पुढे पाठवायचा नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी वीर टेबलावर ठेवला. चिमाजी भाऊसाहेबांनी तो पाकिटात घातला, पाकिटाला लाख लावली, पाकीट लोखंडी कपाटात ठेवलं आणि पावती फाडून दिली. पावतीवर लिहिलं होतं : 'धातूचा गोलसर तुकडा, नग एक. एका बाजूस दाढीवाला इसम. दुसऱ्या बाजूस जनावरे चार.'

"परत कधी मिळेल?"

"तज्ज्ञ मॅडम ट्रेनिंगला गेल्यात. त्या आल्या की."

"कधी येणार?"

"गेल्यात म्हणजे येतीलच."

"अहो, पण धुळवडीला मला तो नाचवायचाय!"

चिमाजी भाऊसाहेबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. पण ते कारकून होते; जे हललं, ते पुन्हा जागेवर बसलं. "तशी नोंद करतो," ते म्हणाले आणि फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं : 'अर्जदारास इसम नाचवावयाचा आहे.'

पुढचे आठ दिवस जयरामराव रोज तीन मजले चढले आणि रोज तीन मजले उतरले. मांजर त्यांना ओळखू लागलं. घरी संध्याताई रिकाम्या तबकडीला तूप-भात दाखवत राहिल्या, कारण थांबवायचं कसं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यात होळीच्या तीन दिवस आधी फोन आला.

"जयराम, वीर कसा हे?"

"चांगला आहे."

"निवद दावतोस ना?"

"रोज दाखवतो काकू." हे अर्धं खरं होतं. नैवेद्य रोज दाखवला जात होता. बघणारा तेवढा कपाटात होता.

"बरं. परवाच्या गाडीनं येते मी. ह्या वर्षाला तुझी पहिली बारी. हातात धरायचा कसा, नाचायचं कसं, सगळं दावते."

जयरामरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा रंग उजळलेल्या देवांसारखा पांढरा झाला होता.

"खरं सांगून टाका," संध्याताई म्हणाल्या.

"आणि म्हणू काय? वीर सरकारजमा केलाय? हळद दळू देईल ती? मुलीकडचे विचारतील, लग्न का थांबलं, तर काय सांगू, आमचे पूर्वज ट्रेनिंगवरून मॅडम यायची वाट बघताहेत?"

धनराजभाऊंनी, अर्थातच, मार्ग काढला. "सदरहू वस्तूसारखी दुसरी वस्तू करून घ्या. म्हातारीला दिसतंय कुठे!"

अंबडला जयरामरावांचा जुना सहकारी धोंडीराम याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. फोटो होते, मापं जयरामरावांच्या वहीत होती, मशीन कॉम्प्युटरवर चालणारं होतं. सम्राट चाळीस मिनिटांत तयार झाला. दाढीचा केस न् केस वेगळा, घोड्यांच्या माना सुबक. काळपटपणा येण्यासाठी त्याला रात्रभर जुन्या ऑइलमध्ये भिजवला. जयरामराव त्याला उजेडात धरून बघू लागले आणि कडेवर थबकले.

"धोंड्या, हे काय आहे?"

"कुठं? ते होय? ओके मारलाय साहेब. सवय हो. तुम्हीच लावलेली. ओके मारल्याशिवाय तुम्ही कधी माल घेतलाय का?"

सम्राटाच्या कडेवर बारीक ठसा होता : ओके. तो कानशीने घासायला वेळ उरला नव्हता. झुंबरबाईंची गाडी मनमाडहून सुटली होती.

झुंबरबाई आल्या, पाय धुतले, चहा घेतला आणि देवघरापुढे बसल्या. हात पुढे केला. जयरामरावांनी त्या तळहातावर वीर ठेवला. झुंबरबाईंनी त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवला. एकदाच. आपल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकी झटपट तपासणी जयरामरावांनी पाहिली नव्हती.

"हा कोण?"

"वीर, काकू."

"कोनाचा? आपला नाय. आपल्याचं नाक झिजलेलं हे, माझ्या सासूच्या, तिच्या सासूच्या अंगठ्यानं. ह्याला नाक फुटलंय नवं." त्यांनी तो नाकाशी नेला. "अन् रॉकेलवानी वास येतो. कुठं हे माझा वीर?"

जयरामरावांनी सगळं सांगितलं. सराफ, भिंग, अक्षरं, सम्राट, फॉर्म, लाख, कपाट. सांगताना त्यांचा आवाज लहान होत होत शेवटी शाळेत पाटी हरवून आलेल्या मुलाइतका झाला. संध्याताई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. आता काय ऐकावं लागेल याची दोघांनीही तयारी केली होती. रोमन शब्दावर म्हातारी भडकेल, असं त्यांना वाटलं होतं. ती भडकली दुसऱ्याच शब्दावर.

"कपाटात?" झुंबरबाई म्हणाल्या. "आठ दीस? अंधारात? अन् निवद कोन दावतं त्याला?"

"कोणी नाही, काकू."

"म्हंजे उपाशी." त्या उठल्या. "संध्ये, भात टाक. तूप घे बरोबर. उद्या मी जाते त्या हापिसात."

दुसऱ्या दिवशी होळी होती, पण कार्यालय उघडं होतं. तीन मजले झुंबरबाई अठ्ठावीस वेळा थांबत चढल्या. दारात चपला काढल्या, थेट लोखंडी कपाटापुढे गेल्या, डबा उघडला आणि फरशीवर पाण्याचं बोट फिरवून भाताची मूद ठेवली. हात जोडले.

"आजी, ते सरकारी कपाट आहे," चिमाजी भाऊसाहेब म्हणाले.

"तुमचं कपाट तुमास्नी. आतलं मानूस माझं हे."

टेबलाखाली हळूच चिमाजी भाऊसाहेबांनीही आपल्या चपला काढल्या, हे जयरामरावांनी पाहिलं.

आणि त्याच वेळी तज्ज्ञ वेदिका मॅडम आल्या. ट्रेनिंग संपलं होतं. तिशीची मुलगी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, दारात चपलांची रांग आणि कपाटापुढे भात पाहून जागीच थांबली. चिमाजी भाऊसाहेबांनी तिला फाइल दिली. तिने कपाट उघडलं, लाख फोडली, नाणं मऊ फडक्यावर घेतलं. बराच वेळ भिंगातून बघत राहिली.

"प्रोबस," ती म्हणाली.

"कोन?" झुंबरबाईंनी विचारलं.

"प्रोबस, आजी. रोमचा राजा होता. हा बघा, डोक्यावर किरणांचा मुकुट. मागे सूर्यदेव रथात आहे. आपल्याकडे हे कसं आलं ते कुणालाच सांगता यायचं नाही. एखाद्या व्यापाऱ्याच्या थैलीतून आलं असेल, नाहीतर फार नंतर कुण्या साहेबाच्या खिशातून."

जयरामरावांनी मान खाली घातली. आता घराण्याचा निकाल लागला, असं त्यांना वाटलं. झुंबरबाईंनी मात्र एक खुर्ची ओढली.

"चांगला होता का मानूस?"

वेदिकाला असा प्रश्न ट्रेनिंगमध्ये कुणी विचारला नव्हता. "बरा म्हणतात त्याला. सहा वर्षं राज्य केलं. लढाया जिंकला. द्राक्षांच्या बागा लावायला त्याने परवानगी दिली, असं लिहिलंय."

"द्राक्षं?" झुंबरबाईंनी जयरामरावांकडे पाहिलं. "नाशिककडचाच दिसतो."

"नाही काकू, तो—"

"तू गप. बाई, लगीन झालं होतं का त्याचं?"

"बायकोचं काही नक्की सांगता येत नाही, आजी."

"अन् गेला कसा?"

"मारला त्याला. त्याच्याच सैनिकांनी. दलदल आटवायला त्यांना उन्हात चर खणायला लावलं होतं. ते चिडले आणि त्याच्यावर धावून गेले. पन्नाशीचा होता."

झुंबरबाईंनी हात पुढे धरला.

"हत्यारानं गेला. अकाली गेला. बायकोचा पत्ता नाय." त्यांनी एकेक बोट दुमडलं. "मंग वीर न्हाई तर कोन हे? बाई, तिकडं त्याचं कोन करतं?"

"करतं म्हणजे?"

"न्हाऊ घालतं का कोनी? निवद दावतं का?"

"नाही, आजी," वेदिका म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "त्याचं राज्यच उरलं नाही. सतराशे वर्षं झाली. तिकडे त्याला आता काचेच्या पेटीत ठेवतात."

"बघ जयराम," झुंबरबाई म्हणाल्या. "त्याचे समदे सरले. म्हनून आला इकडं. आता आपुन बी पेटीत ठिवायचा?"

आता प्रश्न फक्त नियमांचा उरला. वेदिकाने जाडसर पुस्तिका चाळून सांगितलं, की पूजेतली वस्तू नोंद करून, फोटो काढून पूजा करणाऱ्याकडेच ठेवता येते. पण त्यासाठी आठ अटींवर सही करावी लागते. आजच देता येईल. जयरामरावांनी भरभर सह्या केल्या. सातव्या अटीवर पेन अडलं.

'सदर वस्तू घासू, उजळू अथवा कोणत्याही कारणाने ओली करू नये.'

"म्हणजे आंघोळ?" त्यांनी विचारलं.

"नाही चालणार, काका. आधीच गंज धरलाय. इतकी वर्षं दर धुळवडीला पाण्यात बुडवलंय ना. आता आणखी भिजलं तर अक्षरं जातील."

झुंबरबाईंना हे दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी थांबवलं. "न्हाल्याबिगर हळद नाय," त्या म्हणाल्या. "हे बी नेमच हे. तुमचा सातवा असंल, माझा पहिला हे."

खोलीत दोन नियम समोरासमोर उभे राहिले आणि दोघांच्या मध्ये जयरामराव. मांडव, केटरर, सटाण्याची मुलगी, तेहतीस वर्षांचा योगेश, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकदा फिरून गेलं. तोंड उघडलं ते चिमाजी भाऊसाहेबांनी. नजर फाइलवरच होती.

"आजी, एक विचारू? वीर घेऊन माणूस पाण्यात उतरतो, तेव्हा बुडी कोण मारतं?"

"ज्यानं धरला तो. त्याच्या अंगात असतो ना वीर तवा."

"म्हणजे आंघोळ अंगाला. टाक हातात."

झुंबरबाईंनी भाऊसाहेबांकडे नव्याने पाहिलं. मग जयरामरावांकडे, वरपासून खालपर्यंत, नग उचलायच्या लायकीचा आहे का असं.

"हात वर ठिवता येईल का तुला? बुडी मारताना?"

"येईल," जयरामराव म्हणाले. इतकं असहाय 'येईल' त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

"पण तो भिजला नाही, याची खात्री कोण देणार?" वेदिकाने विचारलं.

"मी असतो उद्या घाटावर," चिमाजी भाऊसाहेब म्हणाले. "पंचनामा करतो."

धुळवडीच्या दिवशी ऊन कलल्यावर खैरनारांचा वीर निघाला. पुढे हलगी, मागे संध्याताई, योगेश, सविताताई आणि सोसायटीतले ते अकराही जण, ज्यांनी श्रद्धांजली वाहिली होती आणि ज्यांना आता त्याची भरपाई करायची होती. धनराजभाऊ प्रत्येक चौकात वाहतूक अडवून 'सदरहू वीर जाऊ द्या' म्हणत होते. मध्यभागी जयरामराव. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, हातात लाल फडकं, फडक्यात खोबऱ्याची वाटी आणि वाटीत रोमचा सम्राट. रोमच्या सम्राटांनी मिरवणुका पुष्कळ पाहिल्या असतील, पण हलगीवर नाचण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला असणार. जयरामरावांवरही पहिल्यांदाच आला होता. "पाय उचल!" झुंबरबाई रिक्षातून ओरडत होत्या. "खांदा हालीव! मेल्या, वीर हे तो, हिशोबनीस न्हाई!"

गोदाघाटावर गर्दी होती. पाणी फाल्गुनात असतं तितकंच गार. जयरामराव पायऱ्या उतरले. कमरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले. उजवा हात सरळ वर, मुठीत फडकं. पहिली बुडी मारली तेव्हा फेटा वाहून गेला. दुसरीत चष्मा गेला असता, पण कानाने धरून ठेवला. तिसरीला शेवाळावरून पाय सटकला आणि जयरामराव, वय एकसष्ट, निवृत्त वरिष्ठ इन्स्पेक्टर, पाण्याखाली दिसेनासे झाले. वर दिसत होता फक्त एक हात. न हलता. मुठीत लाल फडकं.

"हात!" वेदिका किंचाळली. ती सुट्टी असूनही आली होती.

"हात वर हे," झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या. "मानूस येईल मागून."

माणूस आला मागून. खोकत, नाकातून पाणी काढत, केस कपाळाला चिकटलेले. चिमाजी भाऊसाहेबांनी पायरीवर उकिडवं बसून फडकं उलगडलं, नाणं उन्हात धरलं, बोटाने चाचपलं आणि खिशातल्या कागदावर लिहिलं : 'वस्तू कोरडी. वाहक पूर्ण ओला.' खाली सही, तारीख, वेळ.

झुंबरबाईंनी कोरड्या वीराच्या झिजक्या नाकावरून अंगठा फिरवला. मग तोच अंगठा जयरामरावांच्या ओल्या कपाळावरून फिरवला.

"संध्ये," त्या म्हणाल्या, "उद्या जातं काढ. हळद दळायची."

घाटावर एकच ओरड झाली. योगेशने वडिलांच्या अंगावर टॉवेल टाकला, आणि लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच मुलगा बापाला आणि बाप मुलाला पाहून हसला. हलगीवाल्याने पुन्हा ठेका धरला.

गर्दी पांगल्यावर चिमाजी भाऊसाहेब जवळ आले. त्यांच्याही हातात लाल फडकं होतं. ते इतका वेळ त्यांनी फाइलखाली धरलं होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आमचाही आहे," ते जरा लाजत म्हणाले. "खापरपणजोबा. इंग्रजांशी लढताना पडले. तुमचा सरकारी झाला, आमचा अजून खासगीच आहे. दर्शन घ्या."

त्यांनी फडकं उघडलं. वाटीत चांदीचा गोल टाक होता, जुन्या रुपयाएवढा, पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. जयरामरावांनी ओला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि वाकून पाहिलं. टाकावर एका बाजूला वळलेला चेहरा होता. गाल भरलेले, मान जाड, केसांचा मागे बांधलेला नीटनेटका अंबाडा, डोक्याला छोटासा मुकुट. कडेने इंग्रजी अक्षरं होती, आणि ती अजून स्वच्छ वाचता येत होती. चिमाजी भाऊसाहेब उत्तराची वाट बघत होते.

जयरामरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि हात जोडले.

"नाक अगदी तुमच्यावर गेलंय," ते म्हणाले.